ओढ्याची वही

(१/७) पाणलोट क्षेत्रातील पाऊस, ओढ्याचा प्रवाह आणि पाण्यातील क्षार यांची, बिघाड होण्यापूर्वी घेतलेली नोंद म्हणजे पायाभूत अभ्यास. मंजुरीच्या अर्जाला जोडावयाचा एक कागद, एवढेच त्याचे मोल अनेकदा मानले जाते. अमेरिकेतील हबर्ड ब्रूकचा इतिहास हे मत खोडून काढतो.

(२/७) न्यू हॅम्पशायरमधील हे प्रायोगिक अरण्य १९५५ मध्ये अमेरिकी वनखात्याने स्थापन केले. येथील कातळातून पाणी फारसे झिरपत नाही. त्यामुळे पाणलोटाच्या तोंडाशी खाचेचा छोटा बांध घातला की बाहेर जाणारे जवळजवळ सारे पाणी मोजता येते. १९६३ पासून बोरमान, लायकन्स, जॉन्सन व पिअर्स यांनी त्या पाण्याचे रसायनही नोंदवण्यास आरंभ केला.

(३/७) १९६५ च्या अखेरीस प्रयोग म्हणून एका पाणलोटातील सर्व झाडे तोडली गेली; नंतर तणनाशकाने नवी वाढ रोखली. ओढ्यातील नायट्रेट पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेले. हा परिणाम तोडीचाच, असे ठामपणे म्हणता आले; कारण तोडीपूर्वीच्या नोंदी हाती होत्या आणि न तोडलेल्या पाणलोटाचे मोजमाप सुरूच होते.

(४/७) पावसाच्या बाबतीत मात्र वही उशिरा उघडली होती. १९६३ मधील पहिल्याच नमुन्याचा सामू सुमारे ३.७ भरला. पाऊस आधीच आम्ल झालेला होता. पूर्वी तो कसा होता, हे सांगणारी नोंद तेथे नव्हती.

(५/७) ती उणीव भरून काढण्यासाठी लायकन्स व सहकाऱ्यांना कारखान्यांपासून दूर, हिंदी महासागरातील ॲमस्टरडॅम बेटासारख्या ठिकाणांहून पावसाचे नमुने मिळवावे लागले. तेथील सामू ५ च्या आसपास निघाला. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक.

(६/७) १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात आम्लवृष्टी रोखण्याच्या तरतुदी आल्या, त्यामागील पुराव्यांत हबर्ड ब्रूकच्या नोंदींचा वाटा मोठा होता. पुढे १९९६ मध्ये त्याच नोंदींनी दाखवले, की मातीतील कॅल्शियम धुऊन गेल्याने ओढा अपेक्षेइतका सावरलेला नाही.

(७/७) तात्पर्य, एका ऋतूची नोंद म्हणजे पायाभूत अभ्यास नव्हे. ज्या वर्षी काहीच विशेष घडत नाही, त्याच वर्षाची नोंद पुढे साक्षीला उभी राहते. ती त्या वर्षीच घ्यावी लागते. मागाहून कितीही खर्च केला तरी मिळत नाही.