बाण दिशा दाखवतो, परवानगी देत नाही

पावसाळ्यानंतरच्या सहलीत जिओकॅशिंग ठेवावं की नाही, यावर आपल्या मंडळात सध्या बरीच चर्चा चालू आहे. काहींना ते पोरखेळ वाटतं, तर काहींना तो फोनवरचा आणखी एक टाइमपास वाटतो. माझं मत असं की जरूर ठेवावं, पण दोन अटींवर. पहिली, फोन पिशवीत राहील आणि हातात जुना जीपीएस असेल. दुसरी, डबा लपवायचा असेल तर तो त्या गावाला सांगून लपवायचा. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. मात्र ती पटण्यासाठी आधी पहिली समजून घ्यावी लागेल.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. या खेळाला जन्मतारीखसुद्धा आहे. अमेरिकेने सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक घालून ठेवली होती. त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची, आणि एवढ्या घेरात डबा शोधणं म्हणजे माडाच्या बागेत पडलेली सुई शोधणं. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यात एक बादली लपवली आणि तिचा पत्ता आकड्यांत इंटरनेटवर टाकला. तीन दिवसांत ती सापडलीही.

माझ्याकडे आहे तो गार्मिन कंपनीचा पिवळा ईट्रेक्स, म्हणजे त्याच काळातला. माझा मामा जहाजावर होता, त्याचा हा. दोन पेन्सिल सेलवर चालतो. पडदा काळा-करडा, कडेला पाच बटणं, आणि आत नकाशा नाहीच. आकडे भरायचे तर एकेक अंक वर-खाली करून बसवावा लागतो. सुरुवातीला मला याचा भारी कंटाळा यायचा. पण आकडे बोटांनी बसवताना त्यांचा अर्थ कळतो. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १८५२ मीटर, आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरपेक्षा थोडं कमी. शेवटचा अंक चुकला तर फार तर शेजारच्या झाडापाशी पोचाल. मिनिटाचा अंक चुकला तर शेजारच्या वाड्यावर.

याहून मजेशीर गोष्ट बाणाची. या साध्या मॉडेलमध्ये चुंबकीय होकायंत्र नाही. आपण कुठून कुठे सरकलो यावरून ते दिशा काढतं. म्हणजे तुम्ही चालत असाल तरच बाण खरं सांगतो. थांबलात की तो गोंधळतो. उभं राहून वाट ठरवायची सोयच नाही. आधी चार पावलं टाकायची, मग कळतं बरोबर चाललोय की उलट. ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यापर्यंत चालत जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि तो वाट दाखवत नाही. सरळ रेषेत १८० मीटर, एवढंच सांगतो. मध्ये खाजन आहे, कोणाचं कुंपण आहे की काजूच्या बागेतला कुत्रा आहे, हे तुम्ही बघायचं. फोन वळणावळणाला सूचना देतो आणि आपण मान खाली घालून पोचतो. जुना जीपीएस हातात असला की मान वर करावीच लागते. दाट झाडाखाली संकेत तुटतो, मग उघड्यावर यावं लागतं. आणि शेवटचे दहा-पंधरा मीटर तर डोळ्यांचेच.

यावर एक रास्त आक्षेप आहे: फोन जास्त अचूक असतो. खरंच असतो. तो अमेरिकेच्या उपग्रहांबरोबर इतर देशांचेही उपग्रह वापरतो, आणि मोबाइल नेटवर्कची मदत घेऊन लगेच जागा पकडतो. मामाच्या यंत्राला बऱ्याच दिवसांनी चालू केलं की कितीतरी मिनिटं लागतात. शिवाय ते तारीखही चुकीची दाखवतं. जीपीएसमध्ये आठवडे मोजणारा आकडा १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतो. तसं एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि तेव्हापासून हे यंत्र साडेएकोणीस वर्षांहून जास्त मागे राहतंय. जागा मात्र बरोबर दाखवतं. अडचणीच्या वेळी मी फोनच काढीन. पण सहल ही अडचण नाही. लवकर पोचणं हाच हेतू असेल तर टॅक्सी केलेली बरी.

आता दुसरी अट. जिओकॅशिंगवाल्यांचा एक संकेत आहे: खेळ न खेळणाऱ्यांच्या नकळत डबा काढायचा आणि ठेवायचा. त्यांना 'मगल' म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरमधून आला, म्हणजे जादू न येणारी माणसं. ओरेगनच्या रानात हे ठीक असेल, कारण तिथे मैलभर माणूस दिसत नसेल. आपल्याकडे प्रत्येक वडाखाली देव आहे, प्रत्येक वळणावर खुरीस आहे, आणि मोकळा दिसणारा सडासुद्धा कोणाच्या ना कोणाच्या, निदान कोमुनिदादीच्या मालकीचा असतो. तिथे चार अनोळखी पोरं दगड उलटसुलट करताना दिसली तर गावाने काय समजायचं? बंद डबा दिसला तर पोलिसांना बोलावलं म्हणून कोणाला दोष द्यायचा? जमीन बघायला, मोजायला येणाऱ्या अनोळखी माणसांचा आपल्या गावांना आलेला अनुभव फारसा चांगला नाही. हातात यंत्र घेऊन सड्यावर फिरणारा माणूस म्हणजे दलाल, असं वाटलं तर त्यात त्यांची चूक काय?

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी मावसबहीण एका सड्यावर असंच यंत्र घेऊन फिरत होतो. गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने हटकलं, "किदें सोदता गो?" आम्ही खेळ समजावून सांगितला. ती हसली. मग तिने त्याच सड्याची चार नावं सांगितली: झरीकडचा भाग वेगळा, खुरसाकडचा वेगळा, जिथे पावसात पाणी साचतं तो वेगळा आणि जिथे जायचं नाही तो वेगळा. आमच्या यंत्रात त्या सगळ्याला मिळून एकच आकडा होता. तिला टाळून गेलो असतो तर डबा मिळाला असता, नावं मिळाली नसती. आणि मराठी-कोकणी शिकणाऱ्या मुलांनी नावांपेक्षा डब्याला जास्त किंमत द्यावी, हे मला पटत नाही.

मगल हा शब्द म्हणूनच मला खटकतो. ज्याला जागा ठाऊक आहे त्याला अडाणी ठरवायचं आणि जो आकडे घेऊन आला तो जाणकार, ही मांडणी उलटी आहे. खुद्द खेळाचे नियमही जमीनमालकाची परवानगी घ्या, खणू नका, असंच सांगतात. आपण फक्त ते नीट पाळायचे आणि लपवाछपवीचा भाग सोडून द्यायचा.

जिथे डबा ठेवणं मुळातच योग्य नाही तिथेही वाट आहे. जुन्या गोव्याची चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथल्या भिंतीच्या फटीत काहीही कोंबायचा प्रश्नच येत नाही. अशा जागांसाठी या खेळात डब्याविना प्रकार आहे: तिथे जायचं, नीट बघायचं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

तेव्हा माझी सूचना अशी. पहिला डबा कॉलेजच्या आवारात, प्रिन्सिपल फादरांना विचारून. दुसरा एखाद्या सभासदाच्या गावात, घरमालकाच्या आणि वाड्यावरच्या लोकांच्या संमतीने, डब्यावर मराठीत आणि कोकणीत स्पष्ट लिहून. आतल्या वहीत नाव-तारखेबरोबर एक रकाना जास्त ठेवायचा: या जागेला इथले लोक काय म्हणतात? तो रकाना कोणाला तरी विचारल्याशिवाय भरता येणार नाही. मामाचं यंत्र मी आणते, सेल मंडळाने द्यावेत.