ट्रॅक्टर शेतात बंद पडतोय? डिझेल पंप खोलण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा

जूनचा शेवटचा आठवडा. चांगला पाऊस होऊन दोन दिवस उघडीप मिळालेली, रानात वाफसा आलेला. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या पुसेगावात (साताऱ्याचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव वेगळं, हे दर वेळी सांगावंच लागतं) सगळीकडे सोयाबीनच्या पेरणीची घाई. नेमका तेव्हाच काकांचा ट्रॅक्टर रुसला. सुरू व्हायचा, पेरणीयंत्र ओढत दोन-तीन तास मारायचा, मग आवाज बसत बसत बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच.

मेकॅनिकने बघताच निकाल दिला, ‘पंप गेला.’ पंप उतरवला, पोत्यात बांधून मोटारसायकलवर शहरातल्या पंप-नोझलच्या दुकानात गेला. तिथे आधीच रांग. तिसऱ्या दिवशी पंप परत आला, सोबत पाच आकडी बिल. अंगणात ट्रॅक्टर छान चालला. रानात गेला आणि पुन्हा बंद.

शेवटी शेजारच्या आखाड्यावरचे म्हातारे ड्रायव्हर मामा आले. बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीचं झाकण त्यांनी फिरवलं तर ‘फुस्स’ आवाज आला. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून कुणीतरी झाकणाखाली कॅरीबॅग लावली होती. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते तिनं बुजलं होतं. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती येईना, टाकीत ओढ तयार होई आणि डिझेल खाली उतरायचं थांबे. अंगणात रिकाम्या इंजिनाला डिझेल कमी लागतं, म्हणून तिथे काही जाणवलं नाही. कॅरीबॅग काढली, ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत चालला. रात्री पाऊस आला आणि उरलेलं रान आठवडाभर तसंच पडून राहिलं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. डिझेल सायकलची आकृती आजही कागदावर काढून दाखवेन. काका एवढंच म्हणाले, ‘चार वर्षं काय शिकलास मंग?’

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल पोचत नसेल, तर तपास टाकीपासून सुरू व्हावा आणि पंपापर्यंत शेवटी यावा. आपल्याकडे तो उलटा होतो.

टाकी ते नोझल

डिझेलचा रस्ता सरळ आहे. टाकी, तिच्या खालचा कॉक, गाळ साचायची वाटी, फीड पंप, एक किंवा दोन फिल्टर, मग मुख्य पंप (ज्याला गावात कंपनी कुठलीही असली तरी ‘मायको’च म्हणतात), तिथून लोखंडी नळ्या आणि शेवटी नोझल. मुख्य पंपाच्या अलीकडे दाब जेमतेम असतो. पलीकडे तो जुन्या इंजिनांत साधारण २०० बारच्या घरात जातो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास शंभरपट. पंपातला दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. म्हणून पंप महाग, आणि म्हणूनच तो गावातल्या झाडाखाली खोलायचा नसतो. पण कचरा, पाणी आणि हवा शिरते ती पंपाच्या अलीकडे. तिथली दुरुस्ती एक पाना, फडकं आणि अर्ध्या तासात होते.

आधी धुराकडे बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. मग दोष दाबात, टायमिंगमध्ये किंवा नोझलमध्ये शोधायचा. काळा धूर आणि ताकद कमी असेल तर आधी एअर क्लीनर बघा. तिथे डिझेलच्या मागे लागून उपयोग नाही.

धूरच नसेल तर पाना उचलण्याआधी आणखी एक गोष्ट. जुने ट्रॅक्टर किल्लीने बंद होत नाहीत, ओढायच्या नॉबने होतात. ती तार गंजून अर्धवट ओढलेलीच अडकते. मग पंप डिझेल देणारच नाही, तुम्ही बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारा. हसू नका, त्यासाठी टोचन लावून ट्रॅक्टर गावभर ओढलेला मी पाहिला आहे.

‘हवा धरली’ म्हणजे काय?

डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपात हवेचा बुडबुडा अडकला की दट्ट्या तोच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. टाकीतलं डिझेल संपलं, फिल्टर बदलला किंवा नळी सैल झाली की हवा शिरते. यात एक फसवी गोष्ट आहे. फीड पंप जिथून डिझेल ओढतो त्या बाजूची गळती बाहेरून दिसेलच असं नाही. इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सांधा कोरडा दिसतो, म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. तांब्याचा वायसर दहा वेळा वापरून चपटा झालेला असतो, रबरी नळीला क्लिपखाली चीर गेलेली असते. काही रुपयांचा माल. संशय आला तर फिल्टरच्या आधी थोडा वेळ पारदर्शक नळी लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील.

हवा काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपावरची हाताने दाबायची खुंटी दाबत राहा. आधी फेस येईल, मग डिझेलची अखंड धार. धार सुरू असतानाच स्क्रू आवळा. तेच मुख्य पंपाच्या स्क्रूवर. तरीही इंजिन धरलं नाही, तर अॅक्सिलेटर पूर्ण देऊन नोझलकडच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करा आणि सेल्फ मारा, एका वेळी एकच. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थांबा. प्रत्येक कंपनीत स्क्रूची जागा बदलते, क्रम बदलत नाही.

इथे हात आणि तोंड लांब ठेवा. चालू इंजिनात नोझलच्या नळीतून बारीक फवारा उडत असेल तर तो बोटाने तपासू नका. त्या दाबाला डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र मांस सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘डिझेल दाबाने आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा.

खरा आरोपी कॅन

आपल्याकडे ट्रॅक्टर पंपावर कमी जातो, कॅन जास्त जातो. तोच कॅन फवारणीला, तोच पाण्याला. बांधावर झाकण उघडं, वारा सुटलेला, नरसाळं मातीत पडलेलं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतं आणि सगळ्यात आधी नळीत तेच येतं. अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणाही पाणी होऊन खाली उतरतो. म्हणून टाकी सकाळी नाही, संध्याकाळी भरावी. आणि गाळाची वाटी सकाळी सुरू करण्याआधी सोडावी, कारण रात्रीतून पाणी खाली बसलेलं असतं.

फिल्टरबद्दल एवढंच की दोन असतील तर दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. बदलताना पडलेला कचरा अडवायला एक तरी बसलेला हवा. आणि जुनी रबरी रिंग खोबणीत चिकटून राहिली नाही ना, ते नखाने बघा.

पंप कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. थंड असताना एका सेल्फमध्ये उठणारा ट्रॅक्टर तापल्यावर उठत नसेल, तर पंप झिजल्याची शंका रास्त आहे. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं. इंजिन ऑइलची पातळी वाढली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर लगेच बंद करा. फीड पंपाचा पडदा किंवा पंपाचं सील फाटलेलं असू शकतं, आणि डिझेल मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. अशा वेळी दुकानात जायलाच हवं. पण तिथे पोचेपर्यंत स्वस्तातली सगळी कारणं तपासून झालेली असावीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्याच डेस्कवरून त्याच्या किती बातम्या गेल्या, मोजल्या नाहीत. यांत्रिकीकरणाच्या योजनांतलं अनुदानही नवं यंत्र घेण्यासाठीच असतं. पण मृगात आमच्या शिवारात जे ट्रॅक्टर राबतात, त्यातले बरेच तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत, आणि त्यांच्यासोबत माहितीपुस्तिका कधीच आलेली नसते. मे महिन्यात गावोगाव बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं होतात. त्याच दिवशी, त्याच मंडपात दोन तास जुन्या ट्रॅक्टरची हवा काढून दाखवायला काय हरकत आहे? तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्या पोरांना सरावाला ट्रॅक्टर मिळतील, शेतकऱ्याला पेरणीचे दोन दिवस.

काकांच्या टाकीला आता नवं झाकण आहे आणि नरसाळ्याला बारीक जाळी. ती कॅरीबॅग मात्र त्यांनी टूलबॉक्समध्ये घडी घालून ठेवली आहे. कुणी ‘पंप गेला’ म्हणालं की काढून दाखवतात.