घर भाड्याने देणे आहे, आडनाव सांगा

बारावीनंतर आपली मुलं-मुली पुण्या-मुंबईला निघतात तेव्हा त्यांच्या बॅगेत मार्कशीट, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि गावातल्या कुणीतरी दिलेला एक फोन नंबर असतो. निरोप देणाऱ्यांनी एक वाक्य हमखास सांगितलेलं असतं, "शहरात कोणी जात विचारत नाही." मित्रांनो, हे वाक्य आता आपणच बंद केलं पाहिजे. शहरात जात विचारतात. गावात ती सगळ्यांना माहीतच असते म्हणून विचारावी लागत नाही. शहरात ती शोधून काढावी लागते, आणि ते काम दलाल करतो.

दलालाचे प्रश्न ठरलेले आहेत. फॅमिली की बॅचलर? कामाला कुठे? व्हेज की नॉनव्हेज? मग हळूच, "पूर्ण नाव काय म्हणालात?" गायकवाड, जाधव, पवार म्हटलं की गडी जरा अडखळतो, कारण ही आडनावं मराठ्यांतही आहेत. मग तो गाव विचारतो, गावातले कोणते गायकवाड ते विचारतो, वडील काय करतात ते विचारतो. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर अकरा महिन्यांच्या कराराला लागणारी कागदपत्रं आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. "मालकांना विचारून कळवतो" म्हणतो आणि मग फोन उचलत नाही. चार दिवसांनी तीच खोली, तेच फोटो, तेच भाडं पुन्हा जाहिरातीत दिसतं. नकार कुणीच दिलेला नसतो. तक्रार करायला गेलात तर हातात पुरावा म्हणून फक्त न उचललेले फोन.

त्या 'व्हेज'बद्दल जरा बोलू. शुद्ध शाकाहारी घरमालकाला मटणाचा वास सोसत नाही हे घटकाभर मान्य करू. पण ज्यांच्या स्वतःच्या घरी दर रविवारी रस्सा उकळतो, असे किती मालक भाडेकरूला मात्र "व्हेज पाहिजे" म्हणतात? तिथे हा शब्द ताटाबद्दल नसतोच. महार, मांग, चांभार, मुसलमान असे शब्द जाहिरातीत लिहिता येत नाहीत, म्हणून बाजाराने दोन अक्षरांचा एक सोयीचा शब्द शोधून काढला आहे.

हे आमचं रडगाणं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत फोन करून आणि प्रत्यक्ष माणसं पाठवून भाड्याची घरं मागून पाहिली. ते काम २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत आलं. घर तेच, पगार तसाच, आडनाव बदललं की उत्तर बदलतं, हे त्यातून दिसलं. दलितांना नकार किंवा जादा अटी, मुसलमानांना त्याहूनही जास्त. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, त्रिना विठयातिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेतले देशातल्या सात मोठ्या महानगरांचे वॉर्डनिहाय आकडे तपासले. या शहरांतली माणसं गरीब-श्रीमंत म्हणून जेवढी वेगवेगळ्या भागांत राहतात, त्याहून अधिक जातीने वेगवेगळी राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. "आता सगळा पैशाचा खेळ आहे हो, जात राहिली कुठे?" असं विचारणाऱ्या काकांना हा निष्कर्ष जरूर दाखवा.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना इमारतीत ऑफिससाठी जागा नाकारली गेली. मराठी माणसांना इथे जागा देत नाही, असं तोंडावर सांगितलं गेलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, पक्षाचे लोक धावून गेले, चॅनेलांवर मराठी अस्मिता गरजली. त्या बाईंवर अन्याय झाला आणि त्यांच्या बाजूने आवाज उठला हे चांगलंच झालं. आमचा प्रश्न त्या आवाज उठवणाऱ्यांना आहे. मराठी बोलणाऱ्या बौद्ध मुलीला मराठी बोलणारा मालक पुण्यात खोली नाकारतो तेव्हा तुमची अस्मिता कुठल्या गावाला गेलेली असते? की 'मराठी माणूस' म्हणताना आमची आडनावं त्यात धरलेलीच नसतात?

कायदा काय म्हणतो? १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आपल्याकडे फारसा कुणी उघडून वाचत नाही. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी करणं हा गुन्हा ठरवला आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना हा रोग ठाऊक होता. दुसरीकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा त्या संस्थेचा नियम चालू ठेवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य, असं कारण दिलं. एका छोट्या अल्पसंख्य समाजापुरतं ते ठीक वाटेलही. पण "आमची सोसायटी, आमचे नियम" म्हणणाऱ्या प्रत्येक जातवाल्या बिल्डरला आणि चेअरमनला त्या निकालाने छत्री दिली, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आणि हे चेअरमन-सेक्रेटरी ज्या रुबाबात भाडेकरूची मुलाखत घेतात, तो अधिकार त्यांना दिला कुणी? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना संस्थेला आधी कळवायचं असतं. कळवायचं, परवानगी मागायची नाही. कमिटीपुढे उभं राहून आपण काय खातो, भिंतीवर कुणाचा फोटो लावणार, याचा जबाब देण्याची तरतूद कुठेही नाही.

आता आपल्या बाजूचं बोलू, कारण हे लिहायला बसलो ते मुळात त्यासाठीच.

नकार टाळायला आपली पोरं आडनाव गिळतात. वडिलांचं नाव आडनावासारखं लावतात, आईला सांगतात "इथे आल्यावर जयभीम म्हणू नकोस", बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवतात. अठरा वर्षांच्या पोराला डोक्यावर छप्पर हवं असतं. त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. पण हा उपाय आहे असं त्याला कुणी सांगत असेल तर त्याच्याशी आमचं भांडण आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस, आणि अख्ख्या शहरात राहायला जागा नाही. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या सरायीत राहिले, रोजचे दीड रुपया भरून. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घ्यायचं टाळलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी बागेत बसून काढला. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे, नाव बदलल्याची गोष्टही न लपवता. त्याच माणसाने पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत, सवर्णांच्या मध्यभागी, स्वतःच्या नावाने राजगृह बांधलं. बडोदा आणि राजगृह यांच्यामध्ये महाड आहे, काळाराम मंदिर आहे, गोलमेज परिषद आहे. नाव लपवून तिथे पोचता आलं नसतं.

याच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांची सालं काढली होती. ते भाषण आपण उठता-बसता सांगतो. पण १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला, तो फारसा सांगत नाही. गाव सोडायचं ते कुठे राहण्यासाठी, कुणाच्या शेजारी, कुणाच्या जोरावर, हा विचार त्यात होता. एकेकट्याने बॅग उचलून दलालापुढे उभं राहायचं, असा त्याचा अर्थ कुणीच लावू शकत नाही.

आपली आधीची पिढी एकेकटी आली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या माणसाला दलाल लागला नाही. घाटकोपर, चेंबूर, गोवंडीत गाववाल्याच्या झोपडीत जमिनीवर एक गोधडी वाढायची. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असली तरी सातवा मावायचा. त्याचं रेशनकार्ड, कामाची चिठ्ठी, पोराचा शाळाप्रवेश सगळं वस्ती बघायची. त्या गोधडीवर झोपून शिकलेली माणसं आज अधिकारी, प्राध्यापक, इंजिनिअर, बँकेत मॅनेजर आहेत. चांगलं आहे, अभिमान आहे. त्यांतल्या कितीतरी जणांचे दोन-दोन फ्लॅट आहेत. मग विचारा, दुसरा फ्लॅट भाड्याने कुणाला दिलाय? "आपल्या लोकांना दिला की भाडं वेळेवर येत नाही", "गावाकडची पोरं, दहा जण येऊन राहतील", "सोसायटीत आपलं कळेल ना!" ही वाक्यं आम्ही आपल्याच माणसांच्या हॉलमध्ये, आपलाच चहा पिताना ऐकली आहेत. त्यातलं तिसरं वाक्य खरं कारण असतं, पहिली दोन तोंडदेखली. सवर्ण मालक जातीमुळे नाकारतो आणि आपला साहेब जात उघडी पडेल म्हणून नाकारतो. नांदेडहून आलेल्या मुलीला दोन्हीकडून मिळतं ते एकच, बंद दार.

सरकारवर सोडून द्यावं म्हणाल तर तोही हिशेब मांडतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही की स्वाधार योजना. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले निवासाचे २०,०००. बारा महिन्यांनी भागा, सतराशेसुद्धा होत नाहीत. पुण्यात कॉट बेसिसवर चौघांच्या खोलीतली एक कॉट या पैशात शोधून दाखवा. शिवाय पैसे येतात ते हप्त्याने आणि उशिरा, डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी द्यावं लागतं. ही रक्कम वाढवून घेण्याचं आंदोलन करायलाच हवं, आणि विद्यार्थी ते करतही आहेत. पण प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, शासन निर्णय निघेल तेव्हा निघेल.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू. प्रत्येक शहरातल्या बुद्धविहारात एक वही असू द्या. एका बाजूला कोणाची खोली कधी रिकामी होणार ते, दुसऱ्या बाजूला कोण कुठून येणार ते. ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांनी रीतसर करार करून, वाजवी भाडं घेऊन, पोलीस पडताळणी करून द्यावेत. फुकट कुणी मागत नाही. डिपॉझिटसाठी जयंतीच्या वर्गणीतला काही भाग फिरता ठेवा. डीजेचा एक बेस कमी वाजला तर भीमजयंती अडत नाही. जिथे नकार मिळाला तिथली तारीख, वेळ, मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच वहीत जाऊ द्या. एका मुलाची तक्रार पोलीस ठाण्यात कोणी लिहून घेत नाही. एकाच दलालाबद्दल वीस जणांच्या नोंदी घेऊन वकिलासोबत गेलो तर ठाणेदाराला कलम ४ उघडावं लागेल. आणि सोसायटीत राहणाऱ्या आपल्या साहेबांनी वार्षिक सभेला जायला शिकावं. कमिटीत निवडून यावं. भाडेकरूची मुलाखत घेणाऱ्या सेक्रेटरीला सगळ्यांसमोर विचारावं, उपविधीचा नंबर सांगा.

या जूनला येणाऱ्या मुलांचे निकाल लागायचे आहेत. वही आणायला अजून वेळ आहे.