बाळाची मालिश हवी, जबरदस्ती नको

घरात बाळ आले की तेल लावून अंघोळ घालणारी बाई शोधायची धावपळ सुरू होते. ही जुनी रीत चांगलीच आहे. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अंगावरून हात फिरवून व हातपाय हलवून मालिश केलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा अधिक वाढले होते.

मात्र मालिशीच्या नावाखाली चालणारे काही प्रकार थांबायलाच हवेत. नाकात तेल घालू नये. ते श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही तेल नको. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची स्तने सुजतात. ती सूज आपोआप उतरते. पिळून दूध काढल्यास मात्र जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. नाक ओढून सरळ होत नाही आणि टाळू दाबून लवकर भरत नाही.

बाळ कळवळून रडू लागले की हात थांबायला हवा. रडवणे हा व्यायाम नव्हे. आजीला आणि बाईला हे आपुलकीने सांगा, पण सांगाच.