घर सोडणाऱ्या मुलाची गोष्ट

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एका भगिनीचे पत्र होते. त्यांच्या पतीच्या निधनाला सात महिने झाले. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि येत्या जूनमध्ये त्याला परगावी वसतिगृहात ठेवावे लागणार आहे. मुलगा रडत नाही, वडिलांचे नाव काढीत नाही, मात्र वाचतो पुष्कळ, असे त्यांनी लिहिले आहे. त्याच्या पेटीत कपड्यांबरोबर दोन पुस्तके घालण्याचा त्यांचा विचार आहे. ती दुःखाची असावीत की हसतीखेळती, एवढाच त्यांचा प्रश्न. प्रश्न लहान, पण त्याने मला पंधरा दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम येते ते हे, की मुलाचे चित्त दुसरीकडे वळवावे. हा विचार मला सर्वस्वी त्याज्य वाटत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा स्वतःच फुरसुंगीचे घर सोडून पुण्याच्या विद्याभवनात राहावयास आलेला मुलगा आहे. त्याच्या सायकलीमागे धावता धावता वसतिगृहातली एखादी लांबलचक रात्र सहज सरते. तेव्हा एक पुस्तक ठरले. अडचण आहे ती दुसऱ्याची. ज्याच्या घरात मृत्यू येऊन गेला आहे, त्या मुलाला मृत्यू नसलेली पुस्तकेच देत राहिलो, तर आपल्या घरी घडले ते बोलण्यासारखे नाही, अशी त्याची समजूत होण्याचा संभव असतो.

‘श्यामची आई’चे नाव आपल्या ओठांवर आलेच असेल. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आपण ते संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो आणि धड्याचे तात्पर्य विचारावे तसे प्रत्येक प्रकरणाचे तात्पर्य विचारतो. यात त्या पुस्तकावर थोडा अन्यायच होतो, असे माझे मत आहे. शिक्षणासाठी घर सोडून प्रथम दापोलीस व पुढे औंधास गेलेला मुलगा, त्याच्या पाठीमागे दारिद्र्याने खचत चाललेली आई, आणि तिच्या अखेरच्या घटकेला मुलगा जवळ नसणे, ही त्यातली कथा. श्याम ती सांगतो आश्रमातल्या मित्रांना, एकेका रात्री थोडी थोडी, अशा बेचाळीस रात्री. आईचे जाणे सांगण्यासाठी त्याला आधी कित्येक वर्षे जावी लागली आणि ऐकणारे मित्र मिळावे लागले. तेरा वर्षांच्या मुलाने सात महिन्यांत काहीच बोलू नये, यात मग आश्चर्य ते काय?

या विचारात असताना मला तंजावरची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी जूनच्या मध्यावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात माझे जाणे झाले होते. त्या मुलखातली गावे वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहतात तो दिवस १२ जून. पाऊस मनाजोगता झालेला असेल तर त्या दिवशी मेट्टूर धरणाचे पाणी सोडतात. ते कल्लणैच्या पुरातन बंधाऱ्यापाशी वाटले जाते आणि मग वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा फाट्यांतून कालव्याकालव्याने शेतांत उतरते. कुरुवै भाताची लावणी त्यावर अवलंबून. शाळा उघडण्याचे दिवसही तेच. एकीकडे पाणी गावात येत असते आणि त्याच सुमारास पेट्या, वळकट्या घेऊन मुले एस.टी.च्या थांब्यावर उभी असतात. त्या बाजूला आजही काही घरांतून मराठी बोलली जाते. तमिळ वळणाची, जुन्या शब्दांनी भरलेली ती मराठी कानाला प्रथम परकी वाटते आणि घटकाभराने आजीची वाटू लागते. त्या घरांतली तरुण मंडळी बहुतेक चेन्नई-बंगळूरला, काही त्याही पलीकडे गेलेली. घर सोडणे ही तेथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आणि याच मुलखात एका मराठी मुलाची अशी एक कथा घडून गेली आहे, की तिच्यावर कुमारवयीनांसाठी एखादी चांगली कादंबरी लिहिली जावी.

व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या तंजावरच्या राज्यावर त्या वेळी तुळजाजी होते. त्यांची स्वतःची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. १७८७ साली, मृत्यू समोर दिसू लागल्यावर, त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतला मुलगा दत्तक घेतला. तो सरफोजी. जन्म १७७७ च्या सप्टेंबरमधला. म्हणजे वय नऊ वर्षे. मुलाने जन्मदात्यांचे घर सोडले आणि नव्या पित्याची ओळख होते न होते तोच थोड्याच दिवसांत तुळजाजी निवर्तले. दोन घरे आणि दोन वडील त्याने असे एकापाठोपाठ गमावले. गादी मिळाली तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांना, आणि मुलाच्या वाट्याला आली वाड्यातली बंद खोली. शिक्षणाची व्यवस्था नाही, बाहेर जाणे नाही, उजेड नाही.

तुळजाजींनी मुलाची काळजी ज्याच्यावर सोपविली होती तो मनुष्य जातीचा जर्मन, पेशाने धर्मोपदेशक. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्याचे नाव. १७५० साली तो तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरला होता. त्याचीही आई तो लहान असतानाच वारलेली. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही. तमिळ, फार्सी, हिंदुस्थानी तो शिकलाच, आणि तंजावरच्या दरबारासाठी मराठीही शिकला. त्याच्या चरित्रांतून एक प्रसंग सांगितला जातो. तो कोंडलेल्या मुलाला भेटावयास गेला तेव्हा मुलाने त्याला विचारले, की मुलांना सूर्य आणि चंद्र दिसू द्यावयाचे नाहीत, असा रिवाज तुमच्याही देशात आहे काय? दहा-अकरा वर्षांच्या मुलाने याहून अधिक तक्रार केल्याचे त्यात नाही. दुःखात असलेली मुले अशीच बोलतात. आपल्याविषयी सांगावयाचे ते दुसऱ्या कोणाविषयी, दुसऱ्या एखाद्या देशाविषयी विचारतात. वाचकहो, घरातल्या गप्प मुलाने एखादा आडवळणाचा प्रश्न विचारला, तर तो घाईने निकालात काढू नका.

श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे तक्रारी नेल्या, पहारा बसविला, आणि अखेर १७९३ साली मुलाला तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले. हे त्याचे तिसऱ्यांदा घर सोडणे. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. यात कंपनी सरकारचा हेतू निव्वळ दयेचा होता असे कोणी समजू नये. १७९८ साली सरफोजीला गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाजवळ उरला तो किल्ला आणि मान. कुमारांच्या कादंबरीतून हा भाग गाळू नये, असे मला वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला एवढे नक्की समजते, की मदत करणाऱ्यांमध्ये कोणी मायेने येतो, कोणी कामासाठी, आणि पुष्कळदा दोघे एकाच दाराने आत येतात.

या कथेत आणखी एक मुलगा आहे. वेदनायगम हा तिरुनेलवेलीचा, १७७४ साली जन्मलेला. त्याचीही आई बालपणीच गेलेली. तो सुमारे बारा वर्षांचा असताना श्वार्ट्झने वडिलांच्या संमतीने त्याला तंजावरला आणले. पुढे हाच वेदनायगम शास्त्रियार म्हणून तमिळ ख्रिस्ती काव्यात प्रसिद्धीस आला. एक राजाचा दत्तक पुत्र, दुसरा धर्मसेवकाचा मुलगा, एक मराठी बोलणारा, दुसरा तमिळ, धर्म निराळे. दोघांच्या बाळपणावर मायेचा हात मात्र एकाच म्हाताऱ्याचा. वयात आल्यावर दोघांनी जे लिहिले ते पाहा. डोंगरातून येणारी आणि भविष्य सांगणारी कुरवंजी ही तमिळ नाट्यातली जुनी स्त्री. वेदनायगमने ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली आणि तीत नव्या खगोलविद्येतली ग्रहमाला आणली. सरफोजीच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे, आणि त्यात कुरवंजी चक्क भूगोल सांगते. खंड कोणती, देश कोणते, कोठे काय. ज्या मुलाला एकेकाळी सूर्य-चंद्र दिसत नव्हते, त्याने पृथ्वीचे वर्णन गाण्यांत बसवावे!

या मैत्रीत सारे गोडच होते असेही नाही. शास्त्रियार पुढे दरबाराच्या आश्रयास होते. राजाने त्यांना बृहदीश्वरावर एक रचना करावयास सांगितली आणि आपल्या श्रद्धेस्तव त्यांनी ती नाकारली, अशी तिकडे परंपरा सांगतात. रुष्टता आली, आणि गेलीही. मला हा प्रसंग कादंबरीकाराच्या दृष्टीने राज्यारोहणाहून मोलाचा वाटतो. पोरकेपणात जुळलेल्या मैत्रीत पुढे एकाने दुसऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची वेळ येतेच.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारला, सरफोजी गादीवर बसण्यापूर्वी चार-साडेचार महिने. पेटी बंद करण्यापूर्वी एकदा पाहता यावे म्हणून राजपुत्रासाठी अंत्यविधी थोडा थांबविला होता. तो आला, मृतदेहावर रडला, त्यावर जरीचे वस्त्र घातले आणि थडग्यापर्यंत चालत गेला. शिलेवरील इंग्रजी पद्य त्याने स्वतः रचले. इंग्लंडातला नामांकित शिल्पी जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याने जे संगमरवरी स्मारक करवून घेतले, ते तंजावरला शिवगंगा तलावाजवळच्या जुन्या चर्चमध्ये आजही पाहावयास मिळते. मृत्युशय्येवरचा वृद्ध, त्याचा हात हातात घेतलेला तरुण राजा, आणि बिछान्याशी काही लहान मुले. स्वतःचा धर्म सरफोजीने कधी सोडला नाही. या माणसासाठी शोक करावयास त्याला तो सोडावा लागला नाही.

तंजावरहून दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव आहे. तेथे सरफोजीने बांधविलेले मुक्तांबाळ छत्र आहे, हत्ती-घोडे ओढीत असलेल्या रथासारखा त्याचा दर्शनी भाग. मुक्तांबाळ ही त्याची प्रिय सहचरी. मरताना तिने आपल्या नावे अन्नदान चालावे एवढेच मागितले, असे सांगतात. अशी छत्रे रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी पुष्कळ बांधली; नीडामंगलमचे, राजामडमचे अशी नावे तिकडे अजून ऐकू येतात. या छत्रांत काय चालते, ते सरफोजीने १८०१ साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला पत्राने कळविले. अन्न, औषध, वेदपाठशाळा, पंतोजी, हे सर्व त्यात आहे. पण मी थांबलो तो निराळ्याच मजकुरापाशी. छत्रात येणाऱ्या परक्या वाटसरूंची मुले पोरकी झाली, तर ती शिक्षकाच्या हवाली करावयाची. त्यांना तीन वेळा जेवण. दर चौथ्या दिवशी अंगाला तेल. लागेल तेव्हा औषध, वस्त्रे. ज्या विद्येची त्यांना आवड असेल ती त्यांना शिकवावयाची, आणि शिकून झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्राने करावयाचा.

तेलाचा उल्लेख वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. अन्नछत्र घालणारे पुष्कळ असतात. पोरक्या मुलाला चार दिवसांनी कोणी तेल लावले की नाही, हे सरकारी पत्रात लिहिण्याइतके महत्त्वाचे कोणाला वाटेल? त्याच राजाच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावळी’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. मुलांसाठी छापलेले मराठीतले हे अगदी आरंभीचे पुस्तक. मुलांना खावयास काय हवे याच्याबरोबर वाचावयास काय हवे, याचाही त्याने विचार केला होता.

ही कादंबरी कोणी लिहावयास घेतली, तर त्याने गादीवर बसण्यापाशी ती संपवू नये, ओरत्तनाडूपर्यंत यावे. बंद खोलीतला भागही घाईने आटोपू नये. तेथे सांत्वनाचे संवाद नकोत. म्हातारा आला, बसला, गेला, पुन्हा आला, एवढे पुरे.

आता त्या भगिनीच्या पत्राकडे येतो. ताई, पेटीत ‘फास्टर फेणे’ वर ठेवा आणि ‘श्यामची आई’ कपड्यांच्या तळाशी. दुसरे पुस्तक वाचलेस का, असे पत्रातून विचारू नका. दिवाळीच्या सुटीत ते न उघडलेले परत आले, तरी पुन्हा तळाशी ठेवून द्या. आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापकांची ओळख करून घ्यावयास जाल, तेव्हा अभ्यासाची चौकशी मागाहून करा. रविवारी मुलांना न्हाऊ कोण घालते, पाणी ऊन असते की गार, तेल घरून पाठविले तर चालेल का, ते आधी विचारून या.