चंदीचा हिशेब

इंद्रायणीच्या काठी वसलेल्या इंदुरी गावात सरसेनापती दाभाड्यांचा भुईकोट आजही उभा आहे. घोडदौडीच्या त्या काळी शहाणा मनुष्य घोड्याची किंमत एकदाच विचारी. चंदी-वैरणीचा हिशेब मात्र रोज मांडी. आज गावावरून जाणाऱ्या तळेगाव-चाकण रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. त्यांत विजेवर चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. चंदीचा प्रश्न तोच आहे.

पेट्रोलची लहान मोटार एका लिटरात सुमारे १५ किलोमीटर धावते. लिटरचा दर १०० रुपये धरला, तरी किलोमीटरला साडेसहा रुपयांवर खर्च येतो. विजेची मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते; घरी १० रुपये युनिटाने वीज भरली, तर हाच खर्च दीड रुपयाच्या आसपास पडतो. शिवाय इंजिनाचे तेल बदलणे नाही. पण खरेदीची किंमत अधिक, आणि बॅटरी निकामी झाली तर ती बदलणे काही लहानसहान काम नव्हे. म्हणून रोज दूर जाणाऱ्यास हा सौदा लवकर फळतो; केवळ सणासुदीला मोटार बाहेर काढणाऱ्यास नाही.

सरकारनेही या पारड्यात आपले वजन टाकले आहे. २०१९ मध्ये अशा वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ झाला. पेट्रोलच्या मोटारीस तेथे एका खेपेचे ३२० रुपये पडतात.

सवलत योग्यच आहे. परंतु तिचा भार सर्वांच्या खजिन्यावर पडतो. चाकणच्या कारखान्यात बसने जाणाऱ्या कामगाराजवळ मोटार नसते, त्याला ही माफी कशी पोहोचावी? तेव्हा पहिला मान बसगाडीचा. पुणे शहरात २०१९ पासून आणि एस.टी.च्या ताफ्यात २०२२ पासून विजेच्या बस धावत आहेत. एका बसवर केलेला खर्च चाळीस-पन्नास जणांना उपयोगी पडतो.

वीजही फुकट उगवत नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज अजून दगडी कोळशाची आहे. इंदुरीत न दिसणारा धूर चंद्रपुरास निघतो. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली, हे खरे. पण शेजारच्या मुळशीत अशाच धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये शेतकऱ्यांना सत्याग्रह करावा लागला.

आणि सायंकाळी चाकण रस्त्यावर वाहने खोळंबतात, तेव्हा विजेची मोटारही पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडविते. तिच्यात बहुधा एकच मनुष्य बसलेला असतो, आणि मागे माणसांनी भरलेली बस तिष्ठत उभी असते.