वाचील तो विजयी

सुटी लागली, की कुटुंबेच्या कुटुंबे प्रवासास निघतात. ज्यांची ऐपत आहे ते सातासमुद्रांपलीकडे, पेरू देशातील माचू पिचूपर्यंत जाऊन येतात. इंका लोकांनी पंधराव्या शतकात अँडीज पर्वतावर वसविलेले ते नगर आज उजाड आहे. तरी चुन्यावाचून एकमेकांत चपखल बसविलेले तेथील चिरे पाहून जग तोंडात बोट घालते. हे कौतुक रास्तच आहे. मात्र त्या नगराहून चार शतकांनी जुने असे एक स्थळ सोलापूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर उभे असता, शहरातील कित्येकांनी ते पाहिलेलेही नसते, ही खेदाची गोष्ट होय.

दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थान आहे. तेथील संगमेश्वराच्या मंदिरात एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख कोरलेला आहे. मराठीच्या ज्ञात शिलालेखांत तो अगदी जुन्यांपैकी एक. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. तिच्याही २७२ वर्षे आधी ही अक्षरे दगडावर उमटली. लेखाच्या अखेरीस जे मराठीत म्हटले आहे त्याचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. शेजारचे हरिहरेश्वराचे मंदिर तर मातीच्या ढिगाखाली गडप झाले होते. उत्खननाने ते मोकळे झाले आणि १९९९ साली तेथे शेकडो लहान मुखे कोरलेले शिवलिंग मिळाले.

परंतु स्थळास जाणे निराळे आणि ते पाहणे निराळे. प्राचीन वास्तूंच्या आवारात मंडळी येतात, फराळाचे डबे सोडतात, छायाचित्रे काढतात आणि तासाभरात परततात. एखादा तर खिळ्याने खांबावर स्वतःचे नाव कोरतो. आपणही इतिहासात काही भर घातली, असे त्यास वाटत असावे. कुडलच्या लेखात पुढे येणाऱ्या वाचकासाठी शुभेच्छा आहे. या नव्या कोरीवकामात ‘मी’ वाचून दुसरे काहीच नसते. हजार वर्षे ऊनपावसाने जे राखले, ते क्षणाच्या हौसेने बिघडते.

यावर कोणी म्हणतात, अशी स्थळे कुलूपबंदच करावीत. हा उपाय सोपा दिसतो, पण तो खरा नव्हे. जे कधी पाहिलेच नाही, त्याविषयी जिव्हाळा कोठून उपजणार? माचू पिचूसही ठरावीक संख्येनेच, नेमून दिलेल्या वाटांनी प्रवाशांना सोडतात. दार मात्र बंद करीत नाहीत. नियम असावा, कुलूप नसावे. आपल्या राज्यघटनेच्या ५१ क या कलमानेही वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ते केवळ पहारेकऱ्याकडे सोपवून चालणार नाही.

म्हणून निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी त्या स्थळाची माहिती वाचावी. तेथे मुलांनी वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारावेत आणि उत्तर न आल्यास दोघांनी मिळून ते शोधावे. दगडास हात न लावता त्याच्यापुढे थोडा वेळ शांत उभे राहावे. त्या अनाम लेखकाने विजयाची एकच अट घातली आहे. ती दगडावर लिहिण्याची नसून वाचण्याची आहे.